भोंगाबाईचा घसा

बस स्टँडवर तिला सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. चौकशीच्या खिडकीला लागून काचेची एक खोली होती, तिथं ती माइकसमोर बसे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली रस्त्यात बंद पडलीय, कुणाचं पोर हरवलंय आणि कुणाचं सापडलंय, सगळं तिच्या तोंडून. आवाज असा खणखणीत की ड्रायव्हर लोक इंजिन चालू ठेवूनही ऐकत. अकरा वर्षं हे झकास चाललं. मग त्या आवाजाला काय धाड भरली कुणास ठाऊक.

तो जाड झाला. घोगरा झाला. शब्द तोंडातून निघायलाच तयार नसत, एकेकाला मागून ढकलावं लागे. ‘फलाट क्रमांक सहा’ एवढं म्हणायला ती इतका वेळ घेई की तोवर गाडी सहावरून हललेली असे आणि माणसं पिशव्या घेऊन तिच्यामागे पळत असत. एकदा एक म्हातारा खिडकीशी आला आणि म्हणाला, ‘‘आत बोलतायत ते काका कुठं भेटतील? जरा विचारायचं होतं.’’

‘‘काका मेले,’’ भोंगाबाई म्हणाली. ‘‘काय विचारायचंय ते मला विचारा.’’

कंडक्टर मंडळी हसून हसून बेजार. त्या दिवसापासून भोंगाबाईचं भोंगाकाका झालं, आणि हे नाव मात्र लोक खुशाल तोंडावर घेऊ लागले. माणूस जरा खाली सरकला की लोकांना कसा धीर येतो बघा.

आवाजाचं एकवेळ राहू द्या. चेहरा सुजल्यासारखा दिसे, अंगठी बोटातून निघेना, केसांचे पुंजके कंगव्यात येत, पोट साफ होईना. बाहेर डांबर वितळतंय आणि ही बाई काचेच्या खोलीत पंखा बंद करून स्वेटर घालून बसलेली. तिच्या शेजारी शिकायला म्हणून एक नवी मुलगी बसवली होती. ती घामानं निथळत असायची आणि हिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघायची. भोंगाबाईही तिच्याकडे तसंच बघे. शिकायला बसलेली माणसं कशाला बसवतात, हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

आणि मग ते घोरणं झालं. दुपारची वेळ, नवी जेवायला गेलेली, माइकचं बटण चालू राहिलेलं, आणि भोंगाबाईचा डोळा लागला. सगळ्या फलाटांवर, संडासात, कँटीनमध्ये, साहेबांच्या खोलीतसुद्धा, सगळ्या कर्ण्यांमधून एकच घोरणं. लोक आधी दचकले, मग मोबाइल काढून ते रेकॉर्ड करू लागले. ती जागी झाली ती साहेबांनी काचेवर थापा मारल्या तेव्हा.

‘‘बाई,’’ साहेब म्हणाले, ‘‘स्टँडवर झोपायला प्रवासी आहेत. तुम्हाला पगार बोलायचा मिळतो.’’

‘‘बरं वाटत नाहीये मला.’’

‘‘मग डॉक्टरला दाखवा. वर्षअखेरीला मी स्वतः फलाटावर उभा राहून तुमची घोषणा ऐकणार. कळली, तर बसा या खुर्चीवर. नाही कळली, तर ही मुलगी बसेल आणि तुम्ही सामानघरात.’’

सामानघर म्हणजे स्टँडच्या मागची खोली. लोकांच्या विसरलेल्या छत्र्या, फुटक्या बॅगा, एकेक चप्पल. तिथं बसणाऱ्या माणसाशी दिवसभर कुणी बोलत नाही. भोंगाबाईला तिथं जाण्यापेक्षा मेलेलं परवडलं असतं, आणि हे तिनं साहेबांना तिथल्या तिथं सांगितलं. साहेब म्हणाले, तो तुमचा प्रश्न आहे.

घरी तरी सुख असावं, तर तेही नाही. घरी वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण, लग्न न केलेली, भावाकडेच राहिलेली. भोंगाबाईच्या आधी याच माइकवर याच खुर्चीत वन्सं बसत. त्यांचं तिथलं संपलं आणि खुर्ची घरातल्या घरात हिच्याकडे आली. तेव्हापासून दोघींमध्ये जे काही होतं त्याला बोलणं म्हणायचं की भांडण, हे नवऱ्याला कधी कळलं नाही. तो फ्रीज दुरुस्त करायचा. घरात आवाज चढला की त्याला हटकून कुणाचा तरी फ्रीज आठवे आणि तो हत्यारांची पिशवी उचलून चालू पडे. शहाणा माणूस.

वन्सं दिवसभर खिडकीशी शाल पांघरून बसलेल्या. बोलावलं तर ओ यायला वेळ, ओ आली तर उठायला वेळ, उठल्या तर दारापर्यंत पोचायला वेळ. त्यांना काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत आपण काय विचारलं तेच विसरायला होई. ‘‘मुळं फुटतील एक दिवस त्या खुर्चीला,’’ भोंगाबाई स्वयंपाकघरातून ऐकू जाईल असं म्हणे. वन्संना ऐकू जाई. त्यावर त्या थोड्या वेळानं म्हणत, ‘‘काल रेडिओवर बाई ऐकली. शब्दाला शब्द चिकटत नव्हता. तुझे हल्ली चिकटतात.’’

एक काम मात्र वन्सं न चुकता करत. माइकवरच्या माणसांचा एक नेम असतो. सकाळी तोंडातून पहिला शब्द काढायच्या आधी पेलाभर कोमट दूध. ते पोटासाठी नसतं, घशासाठी असतं, बिजागरीला तेल घालतात तसं. त्याला कुणी खाणंपिणं समजत नाही. वन्संना तो नेम त्यांच्या आधीच्या बाईंनी शिकवला होता, वन्संनी तो भोंगाबाईला शिकवला होता, आणि भोंगाबाईनं तो नवीला मुद्दाम शिकवला नव्हता. तर रोज सकाळी वन्सं पाय ओढत ओढत येत, दुधाचा पेला हिच्या उशाशी स्टुलावर ठक्कन ठेवत आणि शेजारी हाडं बळकट करणारी कॅल्शियमची गोळी ठेवत. बोलत काही नसत. भोंगाबाईला त्या ठक्कनचासुद्धा राग येई. उपकार केल्यासारखा पेला काय आपटायचा.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि निदान चटकन केलं. गळ्यापाशी थायरॉईड नावाची ग्रंथी असते, तुमची मंदावली आहे, तिच्या तालावर सगळं शरीर चालतं, म्हणून सगळंच मंदावलंय. आवाजसुद्धा त्यामुळेच सुजलाय. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी, आणि ही गोळी आता जन्मभराची.

‘‘जन्मभराची?’’

‘‘जन्मभराची. पण घेतलीत की बाकी सगळं जाग्यावर येईल.’’

झालं. स्टँडभर बातमी पसरली आणि जो तो वैद्य झाला. चहावाल्यानं सांगितलं कोबी सोडा. एका कंडक्टरच्या मावशीला मान गोल फिरवून बरं वाटलं होतं. साहेब म्हणाले, ‘‘थायरॉईड ना? माझ्या बायकोलाही आहे. ती रोज सकाळी पळायला जाते.’’ जणू काही भोंगाबाईनं पळायचं तेवढं मनावर घेतलेलं नव्हतं. तिनं कुणाचं काही ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मात्र तंतोतंत केलं. रोज सकाळी, रिकाम्या पोटी, एक दिवस चुकवला नाही.

आणि फरक शून्य. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ग्रंथी मंदावली की रक्तातला एक आकडा चढतो, तो चढलेला तो चढलेलाच. गोळी वाढवली. पुन्हा दोन महिने, पुन्हा रक्त, पुन्हा तेच. गोळी आणखी वाढवली. काका बोलतच होते. वर्षअखेर जवळ येत होती आणि नवी आता दुपारच्या घोषणा एकटीनं करू लागली होती. नाकातून बोलायची कार्टी, पण झरझर बोलायची.

तिसऱ्यांदाचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘तुम्ही गोळ्या घेत नाही.’’

‘‘घेते.’’

‘‘रोज घेणाऱ्या बाईचा आकडा असा नसतो. एवढ्या गोळीनं घोडा पळायला लागला असता.’’

भोंगाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. स्टँडवर आळशी, घरात आळशी, आणि आता इथं खोटारडी. ‘‘म्हणजे मी खोटं बोलते?’’

‘‘मी तसं कुठं म्हटलं?’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच लिहिलेलं होतं. ‘‘आजची घेतलीत?’’

‘‘नाही. आज सकाळी सकाळी इकडेच आले. पर्समध्ये आहे.’’

‘‘मग माझ्यासमोर घ्या. रोज घेता तश्शी.’’

‘‘घेते की. मला काय भीती आहे?’’ भोंगाबाईनं गोळी काढून तळहातावर घेतली. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. तिनं ग्लासाकडे पाहिलं, टेबलावर इकडेतिकडे पाहिलं.

‘‘दूध नाहीये?’’

‘‘दूध कशाला?’’

‘‘अहो, गोळीला. मी रोज दुधाबरोबर घेते. दूध, ही गोळी आणि हाडांची गोळी. तिन्ही एकदम.’’

डॉक्टरीणबाईंनी ग्लास मागे ओढला. मग म्हणाल्या, ‘‘मी रिकाम्या पोटी सांगितलं होतं.’’

‘‘रिकाम्याच पोटी घेते. त्याआधी पाण्याचा थेंबसुद्धा घेत नाही.’’

‘‘आणि दूध?’’

‘‘दूध घशाला असतं,’’ भोंगाबाई म्हणाली. एवढ्या शिकलेल्या बाईला हे सांगावं लागतंय याचं तिला नवल वाटलं.

मग डॉक्टरीणबाईंनी तिला जे सांगितलं ते त्यांनी आधीच सांगायला हवं होतं, आणि हे भोंगाबाईनं त्यांना स्पष्ट ऐकवलं. ही गोळी भलती नाजूक. दूध आणि कॅल्शियम पोटात असलं की ती अंगात शिरतच नाही, आली तशी बाहेर जाते. साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर तासभर चहा नाही, दूध नाही, खाणं नाही. हाडांची गोळी रात्री, जेवणानंतर. आणि वाढवलेली गोळी पुन्हा कमी करायची, कारण आता ती खरोखर अंगी लागणार, आणि एवढी अंगी लागली तर छातीत धडधडायला लागेल.

‘‘म्हणजे इतके महिने मी घेतलेलं सगळं पाण्यात?’’

‘‘दुधात,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘आणि आवाज मोकळा व्हायला आता वेळ लागेल. तो सगळ्यांच्या मागून येतो.’’

वेळच तर नव्हता. भोंगाबाई तिथून निघाली ती थेट घरी, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात या सगळ्याचं एकच माणूस ठरलं होतं. वन्सं खिडकीशी होत्या. चपला काढायच्या आधीच हिनं सुरुवात केली.

‘‘तुमच्या दुधानं माझा घसा मारला.’’

वन्संनी मान वळवली. वळायला लागायचा तेवढा वेळ लागला. ‘‘दुधानं कुणाचा घसा मरतो?’’

‘‘माझा मेला. रोज पहाटे उठून पेला आणून ठेवता. मला वाटलं, चला, एवढं तरी करतात. कशासाठी करत होता ते कळलं आता. मी त्या खुर्चीवर बसलेली तुम्हाला बघवत नाही. पहिल्या दिवसापासून बघवलं नाही.’’

नवरा आतल्या खोलीतून आला, दोघींकडे पाहिलं आणि पिशवी उचलून बाहेर पडला.

‘‘मला काय ठाऊक, दुधाचं आणि गोळीचं वाकडं आहे ते,’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘तुम्हाला ठाऊक नसतं काय? एका जागी बसून दुसऱ्याच्या आवाजाला नावं ठेवायला बरं ठाऊक असतं.’’

वन्संनी शाल सारखी केली. ‘‘उद्यापासून तुझं तू बघ,’’ एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर पेला आला नाही आणि घरातलं उरलंसुरलं बोलणंही संपलं.

मग सुरू झाला तो तास. गोळी पाण्याबरोबर घेतली की पुढचा एक तास तोंडाला कुलूप. ज्या बाईला जागं होताच दूध आणि दुधामागून चहा लागतो, तिला बिनचहाचा एक तास म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. ती घड्याळाकडे बघत घर झाडी, भांडी आदळी, नवऱ्यावर डाफरे. नवरा चहा बाहेर जाऊन पिऊ लागला. पण गोळी लागू पडली. आधी पाय गरम झाले. रात्री मोज्यांशिवाय झोप आली. मग पोटाची तक्रार गेली. मग एका सकाळी ती गजराआधी जागी झाली आणि तिला उठावंसं वाटलं. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली आणि तिला चक्क रडू आलं. स्वेटर गेला. खोलीतला पंखा सुरू झाला. घसा मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा दारातच उभा. आत येईना.

आणि वर्षअखेर आली. साहेब सांगितल्याप्रमाणे फलाटाच्या मधोमध हाताची घडी घालून उभे राहिले. भोंगाबाईनं माइक ओढला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून घोषणा केली. ती आधीपेक्षा बरी झाली. शब्द सुटे होते. पण आवाज जाडच.

साहेब खोलीत आले. नवीला त्यांनी बाहेर जायला सांगितलं.

‘‘अजून काकाच आहेत, बाई.’’

‘‘साहेब, औषध आत्ताशी लागू पडतंय. एक महिना द्या.’’

‘‘सगळे असंच म्हणतात.’’

‘‘आजार आहे हो हा. रक्तात दिसतो.’’

‘‘आजार,’’ साहेब म्हणाले. ‘‘तुमच्या वन्संचंही असंच झालं होतं, आठवतंय? आवाज बसला, हालचाल मंद, दिवसभर शाल. त्याही मला म्हणायच्या, बरं वाटत नाही. तेव्हा तुम्हीच माझ्या खोलीत येऊन म्हणाला होतात, ‘साहेब, मी घरी बघते ना रोज, दुखणंबिखणं काही नाही, नुसता आळस आहे. मला बसवा.’ मी तुमचं ऐकलं. त्यांना उठवलं, तुम्हाला बसवलं. आता तेच मी तुम्हाला म्हणतोय, तर लागतंय.’’

भोंगाबाईला असं कोंडीत पकडलेलं सहन होत नसे. तोंडाचा पट्टा सुटला. ‘‘त्यांनाही हाच आजार होता. कुणी तपासलं त्यांना? आजारी बाईला तुम्ही खुर्चीवरून उठवलंत आणि वर्षभरात तिनं नोकरी सोडली. आता दुसरीलाही उठवा. माझ्याकडे डॉक्टरांचे कागद आहेत. वरच्या हापिसात जाऊन दोघींचं काढते की नाही बघा.’’

साहेबांचा चेहरा उतरला. वरच्या हापिसाचं नाव काढलं की त्यांचा नेहमीच उतरे. ते दारापर्यंत गेले आणि पाठ वळवूनच म्हणाले, ‘‘एक महिना. त्यावर एक दिवस नाही.’’

म्हणजे ती जिंकली. नवीकडे बघून ती हसलीसुद्धा. पण वन्संचं जे ती बोलली होती ते भांडणात हाताला लागेल ती काठी उचलावी तसं उचललेलं होतं. ते खरं असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. आता घरी जाताना गाडीत ते तिच्या मानगुटीवर बसलं. शाल. सुजलेलं तोंड. उत्तराला लागणारा वेळ. रात्री भिंतीपलीकडून येणारं ते घोरणं. तिनं ते सगळं झटकलं, तरी जाईना.

घरी वन्सं होत्या तिथंच होत्या. भोंगाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बारा वर्षांत तिनं या बाईकडे रागाशिवाय पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. डोळ्यांखाली फुगवटे, भुवया बाहेरच्या बाजूनं अर्ध्या झडलेल्या, हाताची कातडी कोरडीठाक. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी हिच्या अंगावर जे जे बोट ठेवून दाखवलं होतं ते सगळं इथं दुप्पट.

‘‘काय बघतेस?’’ वन्संनी विचारलं. जाड, घोगरा, ओढत ओढत आलेला आवाज. काका.

‘‘उठा. डॉक्टरकडे जायचंय.’’

‘‘मला काही झालेलं नाही. मी अशीच आहे.’’

‘‘अशा नव्हता तुम्ही,’’ भोंगाबाई म्हणाली, आणि हाताला धरून त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. वाटेत दोघी भांडल्या.

वन्संचा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांची नाडी पाहिली, छाती तपासली, मग भोंगाबाईला विचारलं, ‘‘या चालतात-बोलतात कशा? तुमचा आकडा यापुढे काहीच नव्हता.’’

‘‘किती दिवसांचं असेल हे?’’

‘‘दिवसांचं नाही. दहा-बारा वर्षं तरी असावीत.’’ त्यांनी अगदी लहान गोळी लिहून दिली. इतक्या वर्षांनी शरीराला एकदम दामटलं तर हृदयाला सोसत नाही, हळूहळू वाढवायची. पाण्याबरोबर, हे त्यांनी या वेळी तीनतीनदा सांगितलं.

वन्सं सगळं ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे मी आळशी नव्हते?’’

‘‘नाही हो. तुम्ही आजारी होता.’’

बाहेर आल्यावर, रस्त्याच्या कडेला, वन्सं थांबल्या. ‘‘हे साहेबांना सांग.’’

‘‘सांगते. उद्याच त्यांच्या खोलीत जाऊन सांगते.’’

‘‘खोलीत नको. खोलीत तू एकदा सांगून आलीस. माइकवरून सांग.’’

भोंगाबाईनं वन्संचा धरलेला हात सोडला. म्हणजे हिला ठाऊक होतं. बारा वर्षं ठाऊक होतं, आणि तरी ही रोज पहाटे पाय ओढत येऊन पेला ठेवत होती. पुढचं डोक्यात यायला मग वेळ लागला नाही. माइकवरून गाड्यांशिवाय आणि हरवल्या-सापडल्याशिवाय अवाक्षर काढायचं नाही, काढलं तर दुसऱ्या क्षणी उचलबांगडी, हा तिथला नियम. वन्संनीच तो तिला शिकवला होता. ‘‘माझी खुर्ची जाईल,’’ ती म्हणाली.

‘‘माझी गेली,’’ वन्सं म्हणाल्या.

ती नाही म्हणाली नाही आणि हो म्हणाली नाही. म्हातारी सूड घेतेय, असं तिनं स्वतःला बजावलं. महिनाभरात तिचा घसा खरोखर मोकळा झाला. साहेब पुन्हा फलाटावर उभे राहिले, ऐकलं, मान हलवली आणि नवीला तिकीट खिडकीवर धाडलं. खुर्ची पक्की झाली. ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून तिला सलाम करू लागले. भोंगाबाई परत आली, म्हणाले. ती मात्र घरी आली की वन्संच्या खिडकीकडे बघायचं टाळे. वन्संनी पुन्हा विषय काढला नाही. हिला ते जास्त लागलं. दोनचार शब्द बोलल्या असत्या तर हिलाही दोनचार बोलता आले असते.

वन्संची गोळी दोनदा वाढली. त्या सकाळी उठून स्वतःचा चहा करू लागल्या, गोळीनंतर तास झाल्यावरच. शाल खुर्चीच्या पाठीवर लोंबू लागली. आणि एक दिवस भोंगाबाई कामावरून आली तेव्हा घरात कुणीतरी बाई फोनवर बोलत होती. आवाज ओळखीचा नव्हता. स्वच्छ, भरलेला, प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेला आणि तरी कुठं तुटलेला नाही. पाहुणी कोण आली म्हणून ती आत गेली. वन्सं भावाशी बोलत होत्या, येताना साबण आणायला सांगत होत्या.

भोंगाबाई दारात उभी राहिली. तो आवाज तिच्या आवाजापेक्षा चांगला होता. खूप चांगला होता. ती बारा वर्षं ज्या आवाजाच्या खुर्चीवर बसली होती तो हा होता, आणि ते तिला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना ती खिडकीकडे न बघता ‘‘आज ऐकायचं तर या,’’ एवढंच म्हणाली, आणि सकाळी, गाड्यांची गर्दी असताना, तिनं काचेच्या खोलीला आतून कडी लावली. नेहमीच्या गाड्या सांगितल्या. मग बटण न सोडता म्हणाली, ‘‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. बारा वर्षांपूर्वी या माइकवर बोलणाऱ्या बाईंना आळशी ठरवून या खुर्चीवरून उठवलं. त्या आळशी नव्हत्या. त्यांना थायरॉईडचा आजार होता. त्यांना आळशी म्हणणारी बाई मी. मला ही खुर्ची हवी होती.’’

फलाटावर माणसं जागच्या जागी थांबली. साहेब धावत आले आणि काच बडवू लागले. घोषणा दोनदा करायची असते, म्हणून तिनं ती त्यांच्याकडे बघत पुन्हा पहिल्यापासून केली. मग कडी काढली.

दुपारच्या आत तिला सामानघरात पाठवलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वन्सं बाहेरच्या चपला घालूनच बसल्या होत्या. स्टँडवरून आल्या तेव्हापासून तशाच. इतक्या वर्षांनी, एकट्या, गाडीत बसून गेल्या होत्या.

‘‘ऐकलंत?’’ भोंगाबाईनं चिडूनच विचारलं.

‘‘दोन्ही वेळा. ‘आळशी’वर आवाज चोरलास.’’

भोंगाबाईला भांडायचं होतं, पण खरं तर तिनं तो चोरलाच होता.